एका राक्षसाचे दोन चेहरे

फ्रँकेन्स्टाइन हें नांव कोणाहि सुशिक्षित माणसापुढें उच्चारलें, कीं त्याच्या डोळ्यांपुढें एक ठराविक मूर्ति उभी राहते. माथा सपाट, जणूं वरचा भाग कोणीं करवतीनें सरळ कापून काढला आहे, कपाळ पुढें आलेलें, पापण्या जड, मानेच्या दोन्ही बाजूंस धातूचे खुंट, अंगांत आंखूड बाह्यांचा काळा कोट, आणि पायांत शिसें भरल्यासारखे वजनदार बूट. ही मूर्ति इतकी रूढ झाली आहे कीं, ती मूळ पुस्तकांतलीच आहे असें बहुतेकांस वाटतें. वास्तविक पुस्तकांत यांतलें कांहींच नाहीं. फार काय, फ्रँकेन्स्टाइन हें त्या राक्षसाचें नांवहि नव्हे. तें त्याला निर्माण करणाऱ्या तरुणाचें आडनांव आहे. राक्षसाला लेखिकेनें नांवच दिलेलें नाहीं.

मग हा चेहरा आला कोठून? आणि एकदां तो साऱ्या जगाच्या मनांत ठसल्यावर, पुढच्या एखाद्या निर्मात्यास तीच कथा पुन्हां पडद्यावर आणावयाची असली तर त्यानें काय करावें? जुनाच चेहरा घ्यावा तर ती नक्कल होते. नवा घ्यावा तर प्रेक्षक म्हणणार, हा तो नव्हेच. १९५६ सालीं इंग्लंडांतील एका लहानशा चित्रपट-कंपनीपुढें हा पेंच प्रत्यक्ष उभा राहिला, आणि तोहि कायद्याच्या धाकासह. तो पेंच कसा पडला व कसा सुटला ही हकीकत मनोरंजक तर आहेच. पण तिच्यांत नुसत्या रंगभूषेपेक्षां अधिक कांहीं आहे. चेहऱ्यावरून माणसाचा न्याय करावा कीं नाहीं, हा मूळ कथेचा प्रश्न त्या रंगाच्या डब्यांतून पुन्हां पुन्हां वर आलेला दिसतो.

कथा मेरी शेली या इंग्रज लेखिकेची. १८१५ च्या एप्रिलांत त्या काळच्या डच ईस्ट इंडीजमधील सुंबावा बेटावर तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्याच्या धुळीनें पुढील वर्षीं युरोपांतील उन्हाळा पार नासला. जून महिन्यांतहि थंडी आणि पावसाची झड हटेना. अशा दिवसांत जिनीव्हा सरोवराच्या कांठीं बायरन कवीच्या बंगल्यांत अडकून पडलेल्या मंडळींनीं, प्रत्येकानें एकेक भुताची गोष्ट लिहावी, असा बेत केला. त्या मंडळींत कवि शेली होता, आणि त्याच्याबरोबर, पुढें त्याची पत्नी झालेली, अठरा वर्षांची मेरी होती. तिनें आरंभिलेली गोष्ट वाढत वाढत कादंबरी झाली, आणि १ जानेवारी १८१८ रोजीं लंडनमध्यें लेखिकेच्या नांवाशिवाय तिच्या ५०० प्रती निघाल्या.

या कादंबरींतील राक्षसाच्या रूपाचें वर्णन अगदीं थोडक्यांत आहे, परंतु तें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. उंची आठ फूट. एकेक अवयव निर्मात्यानें सुंदर म्हणून निवडलेला. केस काळेभोर, लांब व तुकतुकीत, दांत शुभ्र. पण कातडी पिवळी आणि इतकी अपुरी कीं खालचे स्नायू व रक्तवाहिन्या जेमतेम झांकल्या जाव्या. डोळे पाणचट, आणि ओठ काळे व सरळ. प्रत्येक भाग देखणा आणि सर्व मिळून भयंकर, अशी ही कल्पना. निर्मितीची कृति मात्र कादंबरींत सांगितलेली नाहीं. दुसऱ्या कोणीं तसलें धाडस करूं नये म्हणून कथेंतील फ्रँकेन्स्टाइन ती सांगण्याचें साफ नाकारतो. विजेचा लखलखाट, फिरतीं चक्रें, ठिणग्या उडविणारीं यंत्रें हें सर्व पुढच्यांनीं घातलेलें आहे.

हा राक्षस मुकाहि नाहीं. तो भाषा शिकतो, मिल्टनचें महाकाव्य वाचतो, आणि आपली कैफियत अस्खलितपणें मांडतो. त्याचा पहिला अपराध एकच, तो म्हणजे त्याचें रूप. निर्माता त्याला पाहतांच पळून जातो. गांवकरी दगड मारून त्याला हांकलून लावतात. त्याला घरांत घेऊन मायेनें बोलणारा एकच माणूस भेटतो, आणि तो म्हातारा आंधळा असतो. इतक्यांत घरचीं डोळस माणसें परत येतात, त्यांची नजर त्याच्यावर पडते, आणि तें बोलणें तेथेंच संपतें. या राक्षसाचा चेहरा घडविणाऱ्याचें काम म्हणूनच मोठें नाजूक आहे. पाहणाऱ्यानें दचकून मागें सरलें पाहिजे, आणि थोड्या वेळानें आपण मागें सरलों याची त्याला लाजहि वाटली पाहिजे. पुढील दोनशें वर्षांत ज्यांनीं ज्यांनीं हें काम अंगावर घेतलें, त्यांची परीक्षा या कसोटीवर करावी लागते.

रंगभूमीनें ही कथा लवकरच उचलली. १८२३ च्या जुलैंत रिचर्ड ब्रिन्स्ले पीक याचें नाटक लंडनच्या इंग्लिश ऑपेरा हाउसमध्यें लागलें. राक्षसाचें काम टी. पी. कुक हा नट करी. या नाटकानें राक्षसाची वाचा काढून घेतली. ती पुढें कित्येक वर्षें त्याला परत मिळाली नाहीं. जाहिरातीच्या कागदावर त्याच्या नांवाच्या जागीं नुसत्या आडव्या रेघा छापल्या होत्या. मेरी शेलीनें स्वतः तें नाटक पाहिलें, आणि निनांवी पात्राला निनांवीच ठेवण्याची ही युक्ति तिला पसंत पडली. पहिला चित्रपट एडिसनच्या कंपनीनें १९१० सालीं काढला. त्यांत चार्ल्स ओगल या नटाचा राक्षस विस्कटलेल्या केसांचा व वेड्यावांकड्या हातापायांचा होता, आणि तो रसायनांच्या कढईंतून वर येई. त्यासाठीं एक पुतळा जाळून त्याचें चित्रण उलट्या क्रमानें दाखविलें होतें. त्यामुळें राखेवर मांस चढत आहे असा भास होई. तोंवर राक्षसाचा ठरलेला असा चेहरा नव्हता. जो तो आपल्या मनाप्रमाणें त्याला रंगवीत होता.

तो चेहरा ठरला १९३१ सालीं. अमेरिकेंत मंदीचे दिवस होते. युनिव्हर्सल कंपनीचा ‘ड्रॅक्युला’ हा बोलपट त्या वर्षाच्या फेब्रुवारींत निघून चांगला चालला होता, आणि कंपनीला त्याच जातीचा दुसरा बोलपट हवा होता. फ्रँकेन्स्टाइनची कथा निवडली गेली. दिग्दर्शन जेम्स व्हेल या इंग्रज गृहस्थाकडे आलें, आणि राक्षसाचा चेहरा घडविण्याचें काम जॅक पिअर्स याच्याकडे. पिअर्स हा १८८९ सालीं ग्रीसमध्यें जन्मलेला, अमेरिकेंत येऊन स्थायिक झालेला, हट्टी स्वभावाचा कारागीर होता. हातांत कुंचला घेण्यापूर्वीं आपण शरीरशास्त्र, शस्त्रक्रिया आणि वीज यांविषयीं पुष्कळ वाचलें, असें त्यानें पुढें सांगितलें.

त्याचा विचार असा होता. कवटी उघडण्याचे अनेक मार्ग शस्त्रवैद्यास माहीत असतात. पण फ्रँकेन्स्टाइन हा शास्त्रज्ञ. तो हात बसलेला शस्त्रवैद्य नव्हे. तेव्हां त्यानें सर्वांत सोपा मार्ग घेतला असला पाहिजे. डब्याचें झांकण काढावें तसा त्यानें माथा सरळ आडवा कापला असेल, आंत मेंदू बसविला असेल, आणि झांकण परत लावून चिमट्यांनीं घट्ट केलें असेल. म्हणून माथा सपाट व चौकोनी. म्हणून कपाळावर व्रण आणि चिमटे. जीव विजेनें यावयाचा, तर वीज अंगांत शिरण्यास वाट हवी. म्हणून मानेंत दोन खुंट. लोक त्यांना बोल्ट म्हणतात, परंतु पिअर्सच्या हिशेबीं तीं विजेचीं प्रवेशद्वारें होतीं. डोकें चौकोनी केलें म्हणजे तें भेसूर दिसतें, एवढ्यावर तो थांबला नाहीं. हें शरीर खरोखर कोणीं असें बनविलें असतें तर तें कसें दिसलें असतें, हा प्रश्न त्यानें स्वतःला घातला, आणि प्रत्येक रेषा त्या उत्तरांतून काढली.

कापूस आणि कोलोडियन नांवाचा चिकट द्रव यांचे थर एकावर एक चढवून तें कपाळ रोज नव्यानें उभारावें लागे. या कामास दररोज सुमारें चार तास लागत. वरून राखी-हिरवट रंग दिला जाई, कारण त्या काळच्या कृष्णधवल फितीवर तो प्रेतासारखा पांढुरका उमटत असे. पुढें भित्तिपत्रकांवर व मुलांच्या खेळण्यांवर हा राक्षस हिरवागार झाला. वास्तविक १९३१ च्या पडद्यावर तो हिरवा रंग कोणालाहि दिसला नव्हता. कोटाच्या बाह्या मुद्दाम आंखूड शिवल्यामुळें हात अस्वाभाविक लांब भासत. आणि डांबरी रस्ते करणाऱ्या मजुरांचे जाड तळांचे बूट घातल्यामुळें चाल आपोआप जड होई.

हें सर्व ज्याच्या अंगावर चढत होतें तो नट म्हणजे बोरिस कार्लोफ. बेचाळिशी उलटून गेलेली, आणि तोंपर्यंतचें आयुष्य किरकोळ भूमिकांत गेलेलें. त्याचें खरें नांव विल्यम हेन्री प्रॅट; जन्म लंडनमध्यें, २३ नोव्हेंबर १८८७ रोजीं. महाराष्ट्रीय वाचकांस या ठिकाणीं एका गोष्टीचें कौतुक वाटेल. त्याचे वडील हिंदुस्थानांतील मीठखात्यांत नोकरीस होते, आणि त्याच्या आईची मावशी म्हणजे सयामचा राजा मोंगकुट याच्या दरबारीं मुलांना इंग्रजी शिकविणारी सुप्रसिद्ध ॲना लिओनोवेन्स. या ॲनाचा जन्म १८३१ सालीं अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, झाला, आणि लग्न १८४९ सालीं पुण्यास झालें. परंतु आपण वेल्समध्यें जन्मलों असें ती आयुष्यभर सांगत राहिली. हिंदुस्थानांतील एका साध्या शिपायाच्या पोटीं, बहुधा मिश्र रक्ताच्या घराण्यांत, आपला जन्म झाला हें उघड झालें असतें तर त्या काळच्या इंग्रज समाजांत तिला मानाची जागा मिळती ना. रूप आणि कूळ पाहून माणसाची किंमत करणारें जग कार्लोफच्या घराण्याला अपरिचित नव्हतें.

कार्लोफनें चेहऱ्यांत स्वतःची भर घातली. नुकत्याच जिवंत झालेल्या देहाचे डोळे इतके जाणते दिसतां कामा नयेत असें त्याला वाटलें. म्हणून पापण्यांवर मेणाचे जाड थर दिले गेले. त्याच्या तोंडांत एका बाजूस बसविलेले कृत्रिम दांत तो काढून ठेवी, त्यामुळें तो गाल खोल गेलेला दिसे. या जड आवरणाखालीं त्याच्या चेहऱ्याची हालचाल मात्र दडपली गेली नाहीं, हें पिअर्सचें कौशल्य. चित्रपटांत एक प्रसंग आहे. अंधारांत ठेवलेल्या राक्षसावर छतांतील झडप उघडून प्रथमच उजेड पडतो. तो मान वर करतो आणि प्रकाश हातांत धरूं पाहतो. झडप बंद होते, आणि रिकामे हात तसेच पुढें राहतात. पुढें तळ्याकांठीं एक लहान मुलगी त्याच्याशीं खेळते. दोघें पाण्यावर फुलें सोडतात. फुलें तरंगतात, म्हणून मुलगीहि तरंगेल अशा समजुतीनें तो तिला उचलून पाण्यांत टाकतो. हा शेवटला भाग परीक्षकांनीं अनेक ठिकाणीं कापला. परिणाम उलटाच झाला. मुलीकडे पुढें होणारे त्याचे हात दिसत, नंतर एकदम बापाच्या हातावर तिचें प्रेत दिसे, आणि मधल्या जागीं प्रेक्षक आपल्या मनानें वाटेल तें घाणेरडें पाप भरीत. अजाणतेपणीं घडलेला अपघात अशा रीतीनें गुन्हा ठरला. तो तुकडा १९८० नंतर पुन्हां जोडला गेला.

एवढ्या विचारानें घडविलेला चेहरा पुढें मुखवटा कसा झाला, हें पाहण्यासारखें आहे. १९३५ च्या दुसऱ्या चित्रपटांत पिअर्सनें स्वतःच आपला चेहरा बदलला. पहिल्या चित्रपटाच्या शेवटीं राक्षस जळत्या पवनचक्कींत सांपडला होता. म्हणून आतां केस जळालेले आणि गालांवर भाजल्याचे व्रण. याच चित्रपटांत त्याला चार शब्द बोलतां येऊं लागले, आणि आंधळ्या म्हाताऱ्याचा प्रसंगहि त्यांत आला. १९३९ मध्यें तिसरा चित्रपट झाला. त्यानंतर कार्लोफनें चित्रपटांत ही भूमिका पुन्हां केली नाहीं. त्या पात्रांत करण्याजोगें आतां फारसें उरलेलें नाहीं, असें त्याचें मत झालें होतें.

कंपनीचें मत तसें नव्हतें. नट बदलत गेले, चेहरा तोच राहिला. १९४२ च्या चित्रपटाच्या शेवटीं राक्षस आंधळा होतो. १९४३ सालीं बेला लुगोसी या नटानें पुढच्या चित्रपटांत त्याचें काम केलें, तेव्हां आंधळा माणूस चांचपडत चालतो तसे दोन्ही हात पुढें धरून तो चालला. चित्रपट पुरा झाल्यावर राक्षसाचें सर्व बोलणें कापण्यांत आलें, आणि त्याबरोबर त्याच्या अंधत्वाचा उल्लेखहि गेला. कारण गेलें, पुढें धरलेले हात तेवढे राहिले. आजहि लहान मुलें या राक्षसाची नक्कल करतांना हात ताठ पुढें करून चालतात, आणि आपण एका आंधळ्याची नक्कल करीत आहों हें कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं. १९४८ पर्यंत हा राक्षस ॲबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडीच्या चित्रपटांत येऊन पोंचला. रोज हातानें उभारलेल्या कापसाच्या थरांची जागाहि त्या वेळीं तयार रबरी तुकड्यांनीं घेतली. लोक आतां त्याला पाहून हंसत होते.

अशा स्थितींत १९५६ सालीं हॅमर या इंग्रज कंपनीनें फ्रँकेन्स्टाइनवर नवा चित्रपट काढण्याचें मनावर घेतलें. कंपनी लहान, थेम्स नदीच्या कांठचा ब्रे येथील एक जुना वाडा हेंच तिचें चित्रपटगृह आणि तीच तिची रंगशाळा. भांडवल सुमारें ६५,००० पौंड. ही बातमी लागतांच युनिव्हर्सल कंपनीनें आपला हक्क बजावला. मेरी शेलीची कादंबरी केव्हांच सर्व जगाची झाली होती. तिच्यावर कोणीहि चित्रपट काढावा. पण १९३१ पासूनच्या चित्रपटांत जें जें नवें घातलें गेलें तें कंपनीचें, आणि त्यांत सर्वांत मोलाची वस्तु म्हणजे पिअर्सनें घडविलेला चेहरा. सपाट माथा, मानेंतील खुंट, यांतील कशाचीहि छाया दिसली तर खटला भरूं, अशी तंबी मिळाली. कथा मोकळी, पण तिचा चेहरा दुसऱ्याच्या मालकीचा, असा हा विलक्षण पेंच होता. आधीं लिहून घेतलेली संहिता जुन्या चित्रपटाच्या फार जवळ जाते म्हणून बाजूस ठेवण्यांत आली, आणि जिमी सँगस्टर यानें नवी लिहिली.

रंगभूषेचें काम फिल लीकी याच्याकडे होतें. राक्षस म्हणून ख्रिस्तोफर ली याची निवड झाली, ती मुख्यतः त्याच्या साडेसहा फुटांच्या जवळ जाणाऱ्या उंचीमुळें. पूर्वींचा नमुना तर घ्यावयाचा नाहीं. मग घ्यावयाचें काय? लीकीनें निरनिराळे चेहरे करून पाहिले. कांहीं पशूच्या वळणावर गेले, आणि पडद्यावर ते टिकणार नाहींत हें दिसून आलें. नुसतें वेगळें दिसावें एवढाच हेतु धरून काढलेला चेहरा वेगळा दिसतो, पण खरा वाटत नाहीं, हा अनुभव त्यांना आला. चित्रणाचा दिवस तोंडावर आला, तरी राक्षसाला चेहरा मिळेना.

शेवटीं जें ठरलें, तें पाहिलें म्हणजे त्यामागें पिअर्सचाच प्रश्न असल्याचें कळतें. हें शरीर कोणीं व कसें बनविलें? सँगस्टरच्या संहितेंतील बॅरन फ्रँकेन्स्टाइन हा भोळा ध्येयवादी नव्हे. पीटर कुशिंगनें रंगविलेला हा बॅरन थंड डोक्याचा आहे; मेंदू हवा म्हणून तो घरीं आलेल्या वृद्ध विद्वानाला जिन्यावरून ढकलून मारतो. तो मेंदूहि झटापटींत कांच फुटून इजा पावतो, आणि बॅरन तसाच वापरतो. हातीं आलेले प्रेताचे तुकडे जोडून, घाईनें शिवून टाकलेलें शरीर दिसेल कसें? ठिगळें लावलेल्या गोधडीसारखें. लीकीनें तेंच केलें. साचा न घेतां थेट लीच्या चेहऱ्यावर मेण, रबर व कापूस चढवून त्यानें फाटून सांधलेली, जागोजाग सुरकुतलेली, अपघातांत चेंदलेल्या माणसासारखी त्वचा उभी केली. एक डोळा निर्जीव पांढुरका. केस कपाळावर आलेले. साचा नसल्यामुळें हें सर्व रोज पहिल्यापासून करावें लागे.

चित्रपट रंगीत होता, आणि रंगानें या चेहऱ्याला निराळाच अर्थ दिला. १९३१ चा चेहरा राखी सावल्यांत, एखाद्या दगडी मूर्तीसारखा दिसे. १९५७ च्या मे महिन्यांत लंडनच्या प्रेक्षकांनीं जो चेहरा पाहिला तो मांसाचा होता. राक्षस दारांत उभा आहे, चेहरा पट्ट्यांनीं गुंडाळलेला आहे. तो एका हातानें पट्ट्या ओढून काढतो, आणि त्याच क्षणीं कॅमेरा त्याच्या तोंडावर झेंप घेतो. टीकाकारांनीं चित्रपटावर किळस आणणारा म्हणून झोड उठविली. प्रेक्षकांनीं रांगा लावल्या. ब्रे येथील त्या लहान कंपनीचें नांव जगभर झालें.

या दोन चेहऱ्यांतील फरक नीट पाहिला पाहिजे. पिअर्सचा चेहरा राक्षसाविषयीं सांगतो: हा कसा बनला, आणि किती एकटा आहे. लीकीचा चेहरा बनविणाराविषयीं सांगतो: यानें किती निष्काळजीपणें, किती निर्दयपणें हें काम केलें. प्रत्येक वेडावांकडा टांका म्हणजे बॅरनवरचा एकेक आरोप आहे. आणि याचा परिणाम पुढच्या सर्व चित्रपटांवर झाला. युनिव्हर्सलच्या मालिकेंत शास्त्रज्ञ बदलत गेले आणि राक्षस कायम राहिला. हॅमरच्या मालिकेंत कुशिंगचा बॅरन कायम राहिला आणि प्रत्येक वेळीं त्याच्या हातून नवा दुर्दैवी जीव जन्माला आला. खरा राक्षस कोण, याचें उत्तर कथेनें बदललें, आणि त्या बदलाची सुरुवात कायद्याच्या धाकानें नव्या वाटेला लागलेल्या एका रंगभूषाकाराच्या हातून झाली.

याचा उलट पुरावाहि लवकरच मिळाला. हॅमर व युनिव्हर्सल यांचें पुढें जमलें, आणि १९६४ च्या चित्रपटासाठीं जुना चेहरा वापरण्याची परवानगी मिळाली. आतां कसलीच आडकाठी नव्हती. किवी किंग्स्टन या न्यूझीलंडच्या धिप्पाड कुस्तीगिराला उभें करून त्याच्या डोक्यावर चौकोनी, सपाट माथा चढविण्यांत आला. पण चौकोन कां, माथा सपाट कां, याचें उत्तर त्या चित्रपटांत कोठेंच नव्हतें. चेहरा जड, निश्चल, आणि खाली डोळेच काय ते जिवंत. मालिकेंतील दुबळ्या राक्षसांत आज त्याची गणना होते. मनाई होती तेव्हां त्याच मंडळींना विचार करावा लागला. परवानगी मिळाली तेव्हां विचाराची गरज भासली नाहीं.

त्यानंतरच्या काळांत ज्यांनीं हें काम गंभीरपणें घेतलें, त्यांनीं मूळ प्रश्नापासूनच आरंभ केलेला दिसतो. १९७३ सालच्या एका दूरचित्रवाणी-चित्रपटांत राक्षस प्रथम देखणा तरुण म्हणून जन्मतो, आणि मग दिवसेंदिवस त्याचें रूप बिघडत जातें. निर्मात्याचें प्रेमहि त्याच मापानें आटतें. सुंदर अवयवांच्या त्या जुन्या कल्पनेचा हा नवा, कडू अर्थ होता. १९९४ मध्यें केनेथ ब्रानाच्या चित्रपटांत रॉबर्ट डी नीरोनें राक्षस केला. त्याचें शरीर फांशी गेलेल्या एका गुन्हेगाराचें असल्यामुळें तो पूर्वींचा चेहराच टांके घालून परत आलेला दिसतो. आणि त्याला वाचाहि आहे. या रंगभूषेला ऑस्करचें नामनिर्देशन मिळालें. २०२५ सालीं गियेर्मो देल तोरो या मेक्सिकन दिग्दर्शकाच्या चित्रपटांत माइक हिल यानें जेकब एलोर्डीसाठीं जो देह घडविला, तो ओबडधोबड ठिगळांचा नाहीं. क्रिमियन युद्धांत पडलेल्या सैनिकांच्या प्रेतांपासून एका निष्णात, गर्विष्ठ शस्त्रवैद्यानें तो रेषा आंखून जोडला आहे. त्यामुळें सांधे स्वच्छ आहेत, कांति फिकट आहे, आणि चेहरा जवळजवळ सुंदर आहे. कथा पुढें सरकते तसे त्याचे काळे केस लांब वाढतात, आणि १८१८ च्या कादंबरींतील वर्णनाची आठवण होते. बनविणारा अनाडी असला तर ठिगळ, कुशल असला तर रेषा; चेहऱ्याचें व्याकरण तेंच.

जुन्या चित्रपटाची पुनर्निर्मिति करणारास दोन मोह पडतात. एक, लोकांस ओळखीचें तें जसेंच्या तसें उचलण्याचा. दुसरा, कांहींहि करून निराळें दिसण्याचा. १९६४ चा चौकोनी माथा पहिल्या मोहानें फसला, आणि १९५६ मधील लीकीचे पशुमुखी नमुने दुसऱ्या मोहानें. यशस्वी ठरलेल्यांनीं पिअर्सचें उत्तर उसनें घेतलें नाहीं; त्याचा प्रश्न मात्र प्रामाणिकपणें पुन्हां विचारला. कोणत्याहि जुन्या कथेला नवें रूप देणाऱ्यास, मग तो नाटककार असो कीं चित्रकार, याहून निराळा मार्ग नाहीं.

पिअर्स १९६८ सालीं वारला आणि कार्लोफ त्याच्या पुढल्याच वर्षीं. हयातभर पगारी नोकर म्हणून राबलेल्या पिअर्सच्या वांट्याला त्या चेहऱ्याच्या कीर्तीचा फार थोडा भाग आला. चेहरा कंपनीचा होता. तरी त्यानें आणि कार्लोफनें मिळून जें केलें त्याचा उत्तम दाखला १९३५ च्या चित्रपटांत आहे. रानांतल्या झोंपडींत आंधळा म्हातारा सारंगीसारखें वाद्य वाजवीत बसलेला असतो. बाहेर लोक ज्याच्या मागें मशाली घेऊन धांवत आहेत, तो दारांत येऊन उभा राहतो. म्हातारा त्याचा हात धरून आंत नेतो, भाकर देतो, आणि आपल्याला सोबती मिळाला म्हणून देवाचे आभार मानतो. राक्षसाच्या जड पापणीखालून एक अश्रु गालावर येतो. चार तास खपून चढविलेला तो भयंकर चेहरा या वेळीं प्रेक्षकांना भयंकर वाटत नाहीं. थोडा वेळ कां होईना, ते त्या म्हाताऱ्याच्या जागीं बसलेले असतात.